शाईपेनासाठी पाण्यात न सुटणारी ब्राउन शाई कोणती घ्यावी?

घाटवाट
नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं झाली शाईपेनानं स्केचिंग करतोय, आधी पेनाची रेषा आणि मग वरून वॉटरकलरचा वॉश. काळ्या शाईचं बरं चाललं होतं पण वाईचे घाट, वाड्यांचे सागवानी खांब काळ्या रेषेत फार कडक दिसायला लागले म्हणून ब्राउनवर आलो. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेली एक बाटली घेतली, कंपनीचं नाव राहू दे. परवा ढोल्या गणपतीसमोर सकाळभर बसून चित्र काढलं, अर्धा तास वाळू दिलं आणि ओला ब्रश टेकवला तर कळसाच्या रेषेतनं पिवळट-गुलाबी पाणी सुटलं, आभाळात पसरलं आणि मागे राखाडी रेघ तेवढी उरली. फार जीव तुटला हो.
पेन साधंच आहे, फाइन निब आणि कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी नळी). घरात ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई पडलीय, ती भरून बघू का? की शाईपेनात चालेल आणि पाण्याला दाद देणार नाही अशी ब्राउन खरंच मिळते?

टिपकागद
दादा, ती ड्रॉइंगची शाई पेनात अजिबात भरू नका!! त्या शाईत बहुतेक वेळा शेलॅक, म्हणजे आपली लाख असते. बोरूला किंवा बुडवून लिहायच्या टाकाला ती ठीक, पण फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई आणणाऱ्या पट्टीच्या, बारीक खाचेत एकदा वाळली की पाण्यानं निघत नाही आणि पेन कायमचं जातं.
आता तुमचं पिवळट-गुलाबी पाणी. ब्राउन हा बहुतेक वेळा एकच रंग नसतो, लाल, पिवळा, निळा-काळा असे दोन-तीन डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारे रंग, मिसळून केलेला असतो, आणि त्यातला एखादाच कागद धरून राहतो बाकीचे ब्रश लागला की चालू पडतात. राखाडी उरला तो धरणारा. बाटलीवर 'रेझिस्टंट' लिहिलं ते म्हणूनच अगदी खोटं नाही, पत्र भिजलं तर वाचता येईल इतपत खरं आहे, पण वॉशखाली ते कामाचं नाही. टिश्यूच्या टोकाला शाईचा ठिपका द्या आणि टोक पाण्याला टेकवा, दोन मिनिटांत सगळे रंग वेगवेगळे वर चढलेले दिसतील.
वॉशसाठी पिगमेंट शाईच घ्या. मी जर्मनीची डी अत्रामेंटिस डॉक्युमेंट ब्राउन वापरते. पिगमेंटचे कण पाण्यात विरघळतच नाहीत, कागदाच्या धाग्यांत अडकून बसतात, त्यामुळे वाळल्यावर वरून कितीही पाणी फिरवा. आणि डॉक्युमेंट मालिकेतल्या शाया एकमेकींत मिसळता येतात, मी ब्राउनमध्ये थोडी पिवळी घालते, जुन्या लाकडाचा रंग छान येतो. फक्त त्याच मालिकेतल्या मिसळा, दुसऱ्या कंपनीची नको.

माकुळ_रत्नागिरी
ताईंशी सहमत. मी जपानच्या प्लॅटिनमची ब्रन सेपिया वापरतो, तीही पिगमेंट, पण गडद आहे, ऊबदार तपकिरी हवा असेल तर आधी नमुना बघून घ्या. (सेपिया मूळचा आपल्या माकुळाच्या शाईचा रंग बरं का, आमच्याकडे कालवणाला माकुळ साफ करताना हाताला लागतो तोच.)
पिगमेंटचा त्रास एकच, पेन भरून विसरायचं नाही. आठवड्यात दोनदा तरी लिहा, नाहीतर रिकामं करून धुऊन ठेवा. मी यासाठी प्लॅटिनमचं प्रेपी ठेवलंय, स्वस्त आहे आणि टोपणाच्या आतलं झाकण घट्ट बसतं म्हणून निब सुकत नाही. महागाच्या पेनात पहिल्याच दिवशी भरू नका. आयड्रॉपरमध्येही नको (म्हणजे ज्या पेनाच्या नळीतच थेट शाई भरतात ते), शाई अर्ध्याखाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि चित्रावर टपकन थेंब पडतो, आणि हा थेंब पुसून निघणारा नसतो.

दौत
आयर्न गॉलचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बाळघुटीत मायफळ उगाळतो ना, त्याच मायफळाचं टॅनिन आणि हिराकस यांची ही जुनी शाई. लिहिताना फिकी असते, हवा लागली की लोखंड ऑक्सिडाइज होऊन गडद होते आणि कागदात पक्की बसते. युरोपातली जुनी हस्तलिखितं आज तपकिरी दिसतात ती बरीचशी याच शाईची, लिहिली तेव्हा काळी होती.
प्लॅटिनमच्या क्लासिक मालिकेत सेपिया ब्लॅक आहे. पत्रं, डायरी, पाकिटावरचा पत्ता यासाठी मला तीच आवडते, साध्या कागदावरही रेषा नेटकी येते. पण घाटवाट, तुमच्यासाठी नाही सांगणार. ताजी असताना वरचा ब्राउन डाय पाण्यात थोडा जातोच, आणि पुढे ती काळ्याकडे झुकते, म्हणजे तुमचा सागवानी रंग राहणार नाही. शिवाय आम्ल असते, त्यामुळे स्टीलच्या निबमध्ये महिनोन् महिने ठेवू नये. आणि पेनात आयर्न गॉल होती तर धुतल्याशिवाय दुसरी शाई भरायची नाही, गाळ बसतो.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्युमेंट ब्राउनचा छोटा नमुना मागवला आणि दोन कागदांवर पट्ट्या मारल्या. साध्या कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेचा नेहमीचा कागद) दहा मिनिटांनी ब्रश फिरवला, काही हललं नाही. वॉटरकलरच्या जाड ३०० जीएसएमवर मात्र दहा मिनिटांनी जिथे शाई साचली होती तिथे थोडी डागाळली, रात्रभर ठेवलेली पट्टी सकाळी थेट नळाखाली धरली तरी रेषा जशीच्या तशी. हे असं का होतं?

टिपकागद
त्या कागदाला सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेली खळ, जास्त असतं, म्हणून शाई आत शिरायला वेळ घेते आणि तोवर वरच बसून राहते. जागेवर रंगवायचं असेल तर रेषा हलक्या हातानं मारा, कोपऱ्यात शाई साचली की टिपकागदानं नुसतं टेकवून उचला, घासू नका. आणि वॉश आभाळाकडून सुरू करा, तोवर देवळाच्या रेषा वाळतात.

घाटवाट
हे करून बघतो. रविवारी परत वाईला चाललोय, तेच देऊळ, त्याच पायरीवरून.