दोन्ही मीडिया कन्व्हर्टर चालू आहेत, मीटरवर प्रकाशही येतो, तरी फायबरचा दिवा लागत नाही

सोसायटी_सचिव

नमस्कार. धायरी येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने हा प्रश्न विचारत आहे. मी निवृत्त लेखापाल आहे, त्यामुळे तांत्रिक शब्द चुकल्यास सांभाळून घ्यावे.

आमच्या मुख्य फाटकापाशी आठ कॅमेरे आहेत आणि त्यांचे चित्रण साठवणारा एनव्हीआर संस्थेच्या कार्यालयात आहे. पाइपच्या मार्गाने मोजल्यास हे अंतर २१० मीटर भरते. आजवर आम्ही कॅट सिक्स केबल वापरत होतो आणि शंभर मीटरच्या मर्यादेमुळे मध्ये पंपघरात एक स्विच ठेवला होता. यंदा मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आवाराच्या मागे वीज पडली आणि पंपघरातला स्विच, फाटकावरचा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) व एनव्हीआरचा नेटवर्क पोर्ट, असे तिन्ही एका रात्रीत गेले. त्यानंतर कार्यकारिणीने फायबर टाकण्याचे ठरवले.

सिंगल मोड केबल टाकून झाली, दोन्ही टोकांना स्प्लायसिंग (म्हणजे फायबरची टोके वितळवून जोडणे) करून डबे बसवले आणि एकाच फायबरवर चालणारे १०/१०० एमबीपीएस गतीचे दोन मीडिया कन्व्हर्टर (नेटवर्क केबलमधले विजेचे संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत बदलणारी उपकरणे) आणले. दोन्हींवर वीज असल्याचा दिवा लागतो आणि नेटवर्क केबल लावलेल्या बाजूचा दिवाही लागतो, परंतु ‘एफएक्स’ असे लिहिलेला दिवा दोन्हीकडे बंदच राहतो. तंत्रज्ञाने लाल लेझर टाकून पाहिला, तो पलीकडे स्वच्छ दिसतो. पॉवर मीटरवर कार्यालयाच्या टोकाला फाटकाकडचा प्रकाश उणे ७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) इतका मिळतो. ‘फायबर ठीक आहे, तुमचे कन्व्हर्टर खराब आहेत’ असे तंत्रज्ञ म्हणतो, आणि ‘दोन्ही नग तपासूनच दिले आहेत’ असे दुकानदार म्हणतो. कोणाचे खरे मानावे?

चर_खणणारा

सचिव महोदय, बहुधा दोघांचेही खरे आहे. कृपया दोन्ही कन्व्हर्टर उलटे करून तळावरची बारीक चिकटपट्टी वाचावी आणि तिच्यावर ‘टीएक्स’च्या (पाठवणे; ‘आरएक्स’ म्हणजे घेणे) पुढे कोणता आकडा आहे ते इथे कळवावे.

कारण सांगतो. दोन फायबरच्या जोडणीत एका फायबरने पाठवायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे असते. तिथे फक्त एका टोकाचे टीएक्स दुसऱ्या टोकाच्या आरएक्समध्ये जाईल, एवढे पाहावे लागते. एकाच फायबरवर दोन्ही दिशांची वाहतूक करायची तर दोन वेगळ्या तरंगलांबी लागतात. प्रचलित कन्व्हर्टरमध्ये ‘ए’ नग १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, तर ‘बी’ नग १५५० वर पाठवतो आणि १३१० वर ऐकतो. म्हणून हे नग नेहमी ए आणि बी अशा जोडीनेच घ्यायचे असतात. दोन्ही ए आले, तर दोघेही १३१० वर बोलत राहतात आणि १५५० वर कान देऊन बसतात. अशा वेळी दोन्ही नग एकेकटे पूर्णपणे निर्दोष असतात, पण एकमेकांच्या उपयोगाचे नसतात.

मीटरने तंत्रज्ञाची दिशाभूल नेमकी इथेच केली असावी. साधा पॉवर मीटर किती प्रकाश येतो ते सांगतो. तो कोणत्या तरंगलांबीचा आहे हे तो ओळखत नाही. त्यावर निवडलेली तरंगलांबी ही केवळ वाचन बरोबर यावे म्हणून केलेली जुळवणी असते. उणे ७ हा आकडा मात्र उत्तम आहे. १३१० वर सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी घटतो, म्हणजे आपल्या २१० मीटरमध्ये ०.१ डीबीसुद्धा जात नाही. जे काही जाते ते कनेक्टर आणि स्प्लाइसमध्येच. त्यामुळे केबलच्या कामाला दोष देता येणार नाही. नग बदलून घेताना दुकानदाराने ६० किंवा ८० किलोमीटरचा ‘जास्त ताकदवान’ नग पुढे केला, तर तो मात्र घेऊ नये, कारण एवढ्या कमी अंतरावर त्याच्या प्रकाशाने समोरचा रिसीव्हर दिपून जातो. वीस किलोमीटरचा नग पुरेसा आहे.

तापकीर_गल्लीचा_वारकरी

वरील निदानाशी मी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो, कारण नग बदलून आणल्यावरही याच जागी पुन्हा अडकण्याचा संभव आहे.

पहिली गोष्ट कन्व्हर्टरवरच्या एलएफपी नावाच्या डिप स्विचची (डिप स्विच म्हणजे सेटिंग बदलायचे बारीक खटके). तो चालू असला की एका बाजूची नेटवर्क केबल निघाल्यावर कन्व्हर्टर ती बातमी पलीकडे पोहोचवतो आणि त्या टोकाचा दुवाही पाडतो, म्हणजे दूरच्या स्विचला बिघाड कळतो. सोय चांगली आहे, पण जोडणी करताना हीच छळते. फाटकावर केबल लावायची राहिली असेल, तर कार्यालयातला माणूस विझलेल्या दिव्याकडे पाहत चांगल्या फायबरला शिव्या देत बसतो. म्हणून तो स्विच आधी बंद ठेवावा आणि सगळे सुरळीत झाल्यावर चालू करावा. अनेक कन्व्हर्टर डिप स्विचची स्थिती वीज सुरू होतानाच वाचतात, तेव्हा बदल केल्यावर ॲडॉप्टर काढून पुन्हा लावावा.

दुसरी गोष्ट केबलची. आपण विजेच्या भयाने फायबर टाकले हे योग्यच केले, कारण काच वीज वाहून नेत नाही. मात्र बाहेर टाकायच्या बऱ्याच केबलींमध्ये आधारासाठी पोलादी तार किंवा पत्र्याचे चिलखत असते आणि ते वीज उत्तम वाहून नेते. ती तार फाटकापासून थेट कार्यालयाच्या रॅकपर्यंत आलेली असेल, तर काचेने जे तोडले ते लोखंडाने पुन्हा जोडले असे होईल. डब्यापाशी ती तार मागे कापलेली आहे का आणि रॅकच्या पत्र्याला कुठे टेकत तर नाही ना, हे स्वतः उघडून पाहावे.

आणखी एक, फायबरच्या टोकात डोळा घालून ‘उजेड येतो का’ हे कोणालाही पाहू देऊ नये. १३१० आणि १५५० चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

सोसायटी_सचिव

आपल्या सूचनेनुसार भिंग घेऊन चिकटपट्ट्या वाचल्या. दोन्हींवर ‘टीएक्स १३१०, आरएक्स १५५०’ असेच छापलेले आहे. खोकेही सारखे, अनुक्रमांकही लागोपाठचे. मला तर तो एकसारखेपणाच चांगला वाटला होता. दुकानदाराने खळखळ न करता एक नग बदलून बी दिला. दोन्ही आधी कार्यालयाच्या टेबलावर तीन मीटरच्या पॅचकॉर्डने जोडून पाहिले आणि एफएक्सचा दिवा तत्काळ लागला. नंतर जागेवर बसवले, तिथेही लागला.

आता नवी अडचण आली आहे. एक किंवा दोन कॅमेरे उघडले तर चित्र ठीक दिसते, परंतु आठही उघडले की चित्र थांबत थांबत पुढे सरकते आणि मधूनच चौकटी काळ्या पडतात. लॅपटॉपवरून फाटकाकडचा प्रत्येक कॅमेरा पिंग केला (म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का पाहिले), तर उत्तर एका मिलिसेकंदात येते, एकही चुकत नाही. मात्र फाटकाच्या केबिनमधील संगणकावरून एक मोठी फाइल ओढून पाहिली, तेव्हा गती सेकंदाला एक मेगाबाइटही गाठत नव्हती. प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रवाह ४ एमबीपीएस ठेवलेला आहे. शंभरच्या वाटेवर बत्तीस का मावत नाहीत?

चर_खणणारा

कन्व्हर्टरवरचे ऑटो आणि फुल डुप्लेक्सचे डिप स्विच कोणत्या स्थितीत आहेत ते कळवावे. पिंग निर्मळ आणि फाइल रखडलेली, हे डुप्लेक्सची जुळणी चुकल्याचे नेहमीचे लक्षण आहे. फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे, हाफ म्हणजे आळीपाळीने, आणि ऑटो म्हणजे गती व डुप्लेक्स दोन्ही टोकांनी आपसात वाटाघाटी करून ठरवणे.

कन्व्हर्टर ‘१०० फुल’वर पक्का बांधला की तो वाटाघाटी करणे थांबवतो. आपला पीओई स्विच बिनव्यवस्थापनाचा (म्हणजे सेटिंग बदलता न येणारा) असल्यास तो ऑटोवरच असणार. समोरून वाटाघाटीचे संकेत न आल्यामुळे तो येणाऱ्या सिग्नलवरून शंभरची गती ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, आणि अशा वेळी नियमाप्रमाणे त्याला हाफ धरावे लागते. मग कन्व्हर्टर बोलताना ऐकतोही आणि ऐकताना बोलतोही, तर स्विच मात्र समोरचा मध्येच बोलला की टक्कर झाली असे समजून आपले बोलणे अर्ध्यावर सोडतो. पिंगचे पाकीट लहान आणि एकेकटे जाते, म्हणून ते निभावते. आठ कॅमेऱ्यांचा प्रवाह वाहू लागला की टकरी वाढतात आणि पाकिटे गळतात.

उपाय सोपा आहे. दोन्ही कन्व्हर्टरची तांब्याकडची, म्हणजे नेटवर्क केबलची, बाजू ऑटोवर ठेवावी. कोणतेही एक टोक बांधायचेच असेल, तर समोरचेही तसेच बांधता आले पाहिजे, आणि ते आपल्या स्विचवर करता येणार नाही.

सोसायटी_सचिव

फाटकावरच्या कन्व्हर्टरचा स्विच ‘फुल’कडे होता. तंत्रज्ञाला विचारले, तेव्हा ‘फुल म्हणजे पूर्ण गती, म्हणून तसे ठेवले’ असे उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर त्याच्या जागी मीही तेच केले असते. ऑटोवर आणून ॲडॉप्टर काढून लावला. आता तीच फाइल सेकंदाला सुमारे अकरा मेगाबाइट गतीने येते आणि आठही कॅमेरे रविवार सकाळपासून अखंड चालू आहेत. एलएफपी दोन्हीकडे चालू केला आहे. कोणता नग ए आणि कोणता बी, हे दोन्ही डब्यांच्या झाकणांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

पोलादी तारेविषयीची शंकाही खरी निघाली. ती कार्यालयात रॅकच्या खिळ्यालाच गुंडाळलेली होती. ती बाहेरच्या भिंतीपाशी कापून घेतली. जुनी कॅट सिक्स केबल पाइपमधून ओढून काढणे अवघड आहे, म्हणून ती तशीच ठेवली आहे. पंपघरातला स्विच जळालेला असल्याने तिचा आता काही उपयोगही नाही. हे चालेल ना?

तापकीर_गल्लीचा_वारकरी

पाइपमध्ये राहू द्या, पण तिचे टोक अजून कार्यालयाच्या स्विचमध्ये खोचलेले असेल तर आजच काढा. दुसरे टोक काहीही करत नसले, तरी पंपघरापर्यंत पसरलेली तांब्याची तार आपल्या रॅकला जोडलेलीच राहते, आणि पुढच्या वळवाला तेवढी वाट पुरेशी आहे.

सोसायटी_सचिव

खोचलेलेच होते. काढले.