मदत हवी आहे : शोषणाचा वेग कमी केला की कार्बन डायऑक्साइडचे वाचन वाढायच्या ऐवजी उतरते

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात गॅस टर्बाइनच्या पात्यांच्या फिल्म कूलिंगवर पीएचडीचे काम करतो. पात्यावरच्या बारीक भोकांतून थंड हवा सोडायची आणि गरम वायू व धातू यांच्यामध्ये तिचा पातळ थर टिकवायचा, ही त्यातली मूळ कल्पना. प्रत्यक्ष इंजिनात ही हवा मुख्य प्रवाहापेक्षा बरीच थंड, म्हणून सुमारे दुपटीने घन असते. प्रयोगशाळेत तेवढा फरक तापमानाने आणणे परवडत नाही, म्हणून मी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचा रेणुभार ४४ आणि हवेचा २९ असल्यामुळे, दोन्ही एकाच तापमानाला असूनही घनतेचे गुणोत्तर १.५ मिळते. भिंतीलगत किती टक्के वायू उरला हे मोजले की उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनातील साधर्म्यावरून कूलिंगची परिणामकारकता काढता येते.

मांडणी अशी आहे. विंड टनेलमध्ये सपाट पत्रा, त्यात ३० अंशांनी कललेल्या ६ मिमी व्यासाच्या भोकांची एक ओळ, आणि मुख्य प्रवाहाचा वेग सेकंदाला २० मीटर. पत्रा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून पाडून घेतला असून भोके मी स्वतः पिन गेजने तपासली आहेत. प्रवाहाच्या दिशेने पुढे ०.५ मिमीची नमुना-छिद्रे आहेत. प्रत्येक छिद्रातून नळीने नमुना ओढून तो इन्फ्रारेड गॅस अ‍ॅनालायझरकडे नेतो. नळी दोन मीटर लांब, आतून २ मिमी, मत्स्यालयाला लावतात तशी मऊ, रावपुऱ्यातल्या दुकानातून आणलेली.

आता अडचण सांगतो. शोषण जोरात केले तर छिद्र भिंतीलगतच्या थराबरोबर वरची हवाही ओढते आणि वाचन कमी येते, हे मला मान्य आहे. मिनिटाला ६० मिली ओढले तरी छिद्रातला वेग सेकंदाला ५ मीटर होतो, म्हणजे तो लहान नव्हे. म्हणून शोषण कमी करत गेल्यास वाचन वाढत जाऊन एका पातळीवर स्थिरावेल आणि तीच खरी संहती, म्हणजे भिंतीलगतचे वायूचे प्रमाण, मानता येईल, अशी माझी अपेक्षा होती. भोकापासून आठ व्यास अंतरावर मला मिळाले ते असे : १२० मिलीला ३३ टक्के, ६० ला ३८, ४० ला ३९, येथवर सर्व ठीक, पण २० ला ३६ आणि १० ला चक्क ३३. पातळी येतच नाही, टेकडी येते. टेकडीचा माथा हेच उत्तर समजून पुढे जावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले, पण माझे मन घेत नाही.

जे तपासून झाले आहे ते सांगतो, म्हणजे तेच सल्ले पुन्हा देण्याचा आपला त्रास वाचेल. शोषण कमी-जास्त करणारा सुई-व्हॉल्व्ह आधी अ‍ॅनालायझरच्या अलीकडे होता, त्यामुळे मापनकक्षातला दाब शोषणाबरोबर बदलत असे. आता तो पलीकडे आहे. कमी शोषणाला एका बिंदूवर दहा-बारा मिनिटे थांबतो, त्यामुळे जुना नमुना शिल्लक राहण्याचा प्रश्न नसावा. हवेसाठी आखलेल्या रोटामीटरचे, म्हणजे प्रवाहमापकाचे, वाचन घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२३ ने, भागून घेतो. मे महिन्यात बाहेर चाळिशी पार असताना सिलिंडरच्या रेग्युलेटरवर पांढरे दव गोठत होते आणि वायू थंडगार होऊन येत होता. तिथे हीटर लावला. शेवटी नळीच गळते का हे पाहण्यासाठी भोकांखालच्या पेटीतून शुद्ध वायू त्याच नळीने ओढला. १२० मिलीला ९९ च्या वर आणि २० मिलीलाही ९८ आले, म्हणून नळी निर्दोष धरली.

माझे कुठे चुकते आहे?

प्रतिसाद

आपण जवळजवळ सगळे केले आहे, फक्त नळीला ज्या परीक्षेत उत्तीर्ण केले ती परीक्षा सोपी होती. मत्स्यालयाची मऊ नळी बहुधा सिलिकोनची असते, आणि सिलिकोन रबरातून कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनच्या सुमारे दसपट सहज झिरपतो. गळती कुठेही नाही. नळीची भिंतच वायू बाहेर सोडते आहे. शोषण जितके मंद, तितका नमुना नळीत जास्त वेळ राहतो आणि तितका वायू निसटतो.

शुद्ध वायूला हे का दिसले नाही? कारण शुद्ध वायूतून काही भाग निघून गेला तरी मागे उरतो तोही शुद्धच. बाहेरून थोडी हवा आत येते, तेवढाच काय तो फरक पडतो. मिश्रणात मात्र कार्बन डायऑक्साइड जातो आणि हवा मागे राहते. तेव्हा ४० टक्क्यांचे प्रमाणित मिश्रण त्याच नळीतून २० मिलीने ओढून पाहा, आणि नंतर नायलॉन किंवा टेफ्लॉनच्या नळीतून.

जाता जाता आणखी एक. अ‍ॅनालायझर आकारमानाची टक्केवारी देतो, परिणामकारकतेला वस्तुमानाची लागते. आकारमानाने ४० टक्के म्हणजे वस्तुमानाने ५० टक्के होतात. हे रूपांतर केले आहे ना?

मूळ लेखक

मनापासून आभार. रूपांतर केले आहे. प्रमाणित मिश्रण जुन्या नळीतून २० मिलीला ३६.५ आणि नायलॉनच्या नळीतून ३९.८ आले. काल नायलॉन लावून तोच बिंदू पुन्हा मोजला : ४० मिलीला ४०.३, २० ला ४०.६, १० ला ४०.५. जुन्या नळीने घेतलेले सर्व बिंदू रद्द करून सोमवारपासून पहिल्या छिद्रापासून पुन्हा सुरुवात करतो आहे.