जुने गोवे : बॉम जीझसच्या भिंतींना पुन्हा गिलावा करावा का?

मूळ मत
पणजीहून रायबंदरमार्गे आलेला पाहुणा बॉम जीझस चर्चचा तांबडा जांभा बघतो आणि पोर्तुगीजांच्या वेळचं रूप जसंच्या तसं राखलंय असं समजतो. ते खरं नाही. १६०५ सालच्या या वास्तूवर चुन्याचा गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढला. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल बघा, जांभाच आहे, पण अंगावर चुना शाबूत. जांभ्याचं वरचं कवच हवेवर कडक होतं. ते झिजलं की आतली पिवळट माती पावसात धुऊन जाते नि दगडाला भोकं पडतात. भिंतीवरून हात फिरवा, तळव्याला तांबडी भुकटी लागते. दर्शनी भागातला वसईचा काळा दगड मात्र टिकून आहे. गिलावा परत करायलाच हवा.

विरोधी प्रतिसाद
घाई नको. सत्तर वर्षं पाऊस प्यायलेल्या भिंतीत क्षार साचलेत. त्यावर गिलावा चढवला की क्षार पापुद्र्यामागे फुगतात आणि पोपडे सुटतात, जाताना दगडाचा थरही ओढून नेतात. आधी छप्पर, पन्हाळी आणि भिंतीच्या पायथ्याचा निचरा बघा. पाणी वरून मुरत असेल तर बाहेरचा चुना काय करणार? शिवाय १९८६ साली जागतिक वारसा यादीत आली ती हीच तांबडी वास्तू.

मूळ मताकडून उत्तर
छपराचं मान्य, ते आधीच. पण क्षारांची भीती खरी आहे ती सिमेंटमुळे. सिमेंट ओल कोंडतं, चुना ती बाहेर सोडतो. म्हणून सांध्यांतलं सिमेंट आधी खरवडायचं, शेवाळ मऊ ब्रशने काढायचं (पाण्याचा जोरदार फवारा अजिबात नको), दगड भिजवायचा. मग मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, पातळ थरांत. प्रत्येक थर गोणपाटाखाली ओला ठेवायचा, नाहीतर उन्हात तडकतो.

विरोधी प्रतिसाद
आणि हे करणार कधी? २४ नोव्हेंबरला नोव्हेना (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. तेव्हा दर्शनी भागावर परांची चालणार नाही. उरले जानेवारी ते एप्रिल, म्हणजे नेमकं वाढतं ऊन. आधी मागच्या भिंतीवर एक चौकोन करा, दोन पावसाळे जाऊ द्या, मग बोलू.