सोलापूरचं पाणी खडकानं अडवलंय की आपण?

भीमाकाठ
गेल्या आठवड्यात रानात बोअर घेतलं. 620 फूट. वर मुरूम, मग काळी भुकटी, 180 फुटांवर लालसर चिखल, पुन्हा काळी भुकटी ती शेवटपर्यंत. थेंब नाही. बांधापलीकडं चुलत्यांना 110 फुटांवर दोन इंची पाणी लागलंय.

म्हणून म्हणतो, पावसाला दोष देणं सोडा. आपलं पाणी 6.6 कोटी वर्षांपूर्वी ठरलं. भारताची प्लेट उत्तरेकडं सरकताना जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा पसरला. तीच प्लेट पुढं आशियाला धडकली, हिमालय उठला आणि त्याच्या गाळानं गंगेचं मैदान भरलं. तिकडं तो गाळ पाणी पोटात धरून बसतो. आपल्याकडं कातळाच्या भेगेत मावेल तेवढंच.

ज्वारीचं कणीस
अण्णा, बोअर कोरडं गेल्याचं दुःख कळतं, पण हे पटत नाही. महाबळेश्वरलाही हाच काळा पाषाण आहे. तिथं आपल्या दहापट पाऊस पडतो, आपल्याला वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास. फरक पावसाचा आहे, खडकाचा नाही.

आणि याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. मंगळवेढ्याची मालदांडी वरून पाणी न देता, मातीत मुरलेल्या ओलीवर हिवाळाभर उभी राहते. हे देणं कुणाचं?

भीमाकाठ
मातीचं मान्य. पण ढग अडवणारा सह्याद्री कुठून आला? सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला, पश्चिम किनारा खचला, त्याची उरलेली कड म्हणजे सह्याद्री. पर्जन्यछायासुद्धा प्लेटांनीच दिली.

उसाचा फड
मग उजनीचं पाणी कुठं मुरतंय तेही प्लेटांनाच विचारा. धरण झालं आणि आम्ही ज्वारी मोडून ऊस लावला. मीही लावला. 6.6 कोटी वर्षांच्या नावावर हे खपवू नका.

भूगोलाच्या बाई
मी 28 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, कठीण भूभाग, असं वर्गात मी स्वतः सांगत असे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. आम्ही सगळे सोलापुरात रस्त्यावर आलो. आदल्या रात्री गणपती बोळवून झोपलेली माणसं उठलीच नाहीत, जवळजवळ दहा हजार. त्यानंतर ते वाक्य मला फळ्यावर लिहिता आलं नाही.

पुढं किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं. लाव्हाचे थर 338 मीटरांवर संपले आणि खाली कोट्यवधी वर्षं जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भीमाकाठदादा, म्हणजे साधारण 1100 फूट. तुम्ही 900 फुटांपर्यंत गेला असता तरी बहुधा लाव्हाच लागला असता. आपली प्लेट आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडं रेटतेय, पुढं वाट अडलेली, तो ताण अशा जुन्या खडकातल्या कमकुवत जागी साठतो.

पण धक्का 6.2 चा होता. एवढ्या धक्क्यानं गावंच्या गावं सपाट व्हायला नको होती. माणसं मेली ती मातीत रचलेल्या दोन-दोन फुटी दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. धक्का भूगर्भानं दिला, भिंत आपण बांधली होती. पाण्याचंही मी असंच बघते.

तुमचा लालसर चिखल म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरचा तापलेला थर पसरल्यावर भाजलेली. पाणी असतं ते बहुधा अशा दोन थरांच्या सांध्यात, मांजऱ्या खडकाच्या छिद्रांत, नाहीतर भेगांत. मधल्या अखंड पाषाणात कितीही खोल गेलात तरी भुकटीच.

शहाबादी
सगळा मुलूख लाव्हाचा नाही बरं. आगगाडीनं कलबुर्गीच्या पुढं शहाबादला उतरा. लाव्हा संपून जुन्या समुद्राच्या तळाचा चुनखडक सुरू होतो. सोलापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत तीच फरशी आहे. भूगर्भशास्त्रात त्या थरांना आपल्या भीमेचंच नाव आहे.

ज्वारीचं कणीस
बाई, मी पावसावर ठाम आहे, पण सांध्याचं पटलं. अण्णा, चुलत्यांना 110 वर लागलं, तो सांधा तुमच्याकडं कितीवर आला? बोअरवाल्यानं नोंद ठेवली का?

भीमाकाठ
नोंद नाही. पण भुकटीचे दहा-दहा फुटांचे ढीग अजून बोअरच्या कडेला ओळीनं आहेत. 100 ते 120 चे दोन ढीग मी नीट पाहिलेच नव्हते. सकाळी जाऊन फोटो टाकतो.