'कॅनन'ला मराठीत काय म्हणावं?

कापूसकोंड्या (दर्यापूर): भाचा 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चा वेडा. मालिका २००८ मध्ये संपली, पण झुकोच्या आईचं काय झालं ते राहूनच गेलं. ते २०१३ च्या 'द सर्च' या कॉमिकात कळतं. त्याचं टिपण मराठीत करताना 'हे कॉमिक कॅनन आहे का' (म्हणजे मूळ कथेचाच खरा भाग धरायचं का) याचं मी 'प्रमाण आहे का' केलं. पोरगा म्हणते, "मामा, प्रमाण तं गणितात रायते. नायतर भाषेत, अन् थे आपली नाही म्हून मार्क कापतेत." आता काय लिहू?

निंबोणी: 'अधिकृत' लिहा, संपलं.

कापूसकोंड्या: नाही संपत. 'द एक्स-फाइल्स'चं २०१३ चं 'सीझन १०' कॉमिक अधिकृतच होतं. २०१६ मध्ये मालिका टीव्हीवर परतली, तोही दहावाच सीझन, अन् कॉमिकातली कथा वाऱ्यावर.

जुनं_पान: मग 'प्रक्षिप्त'. मराठीत तयार शब्द असताना इंग्रजी कायले उसनं आणता?

निंबोणी: प्रक्षिप्त म्हणजे परक्यानं घुसडलेलं. 'बफी' मालिकेचं आठवं पर्व (२००७ ते २०११) कॉमिकातच निघालं, मूळ कर्त्याच्याच देखरेखीत. तरी माझी बहीण ते मानत नाही. त्यात बफीची बहीण डॉन राक्षसाएवढी वाढते. "कागदावर खर्च लागत नाही म्हणून काहीही?" मला तेच आवडलं होतं.

पोथीवाला: आम्ही रिद्धपूरकडचे. लीळाचरित्रात एखादी लीळा दुसऱ्याच्या आठवणीत वेगळी असली तर ती खोडत नाहीत, 'वासना' म्हणून नोंदवतात. तसं कॉमिक म्हणजे मालिकेची वासना.

कापूसकोंड्या: भाऊ, हे पोराच्या वहीत लिहू? त्याची माय मले घरात घेणार नाही.

पोथीवाला: हसा. अर्थ लोकांनी बिघडवला, शब्दाचा काय गुन्हा?

जुनं_पान: माझ्या मते हे सगळं ठिगळ.

निंबोणी: ठिगळ भोकावर लावतात. आजी लुगड्याला दंड घालायची. मधला विरलेला भाग कापून काढायचा, धड तुकडे जोडायचे, की लुगडं आणखी दोन वर्षं चाले. संपलेली मालिका कॉमिकात पुढं नेणं म्हणजे दंडच. एक्स-फाइल्सवाल्यांनी तो उसवला, इतकंच.

कापूसकोंड्या: हे पटलं. पण दंड म्हटलं की पोरांना चौकातला पोलीसच आठवंन.

पोथीवाला: आमच्याकडं दंड म्हणजे विहिरीचं पाणी वावरात नेतो तो.

जुनं_पान: तो दांड. काना विसरले.

पोथीवाला: आमच्या बाच्या तोंडून दंडच ऐकलं.

कापूसकोंड्या: इकडं दोन्ही नाही ऐकले बावा. अन् 'कॅनन'चं काय?

जुनं_पान: दर्यापूर खारपाणपट्टा. विहिरीचं पाणीच खारं, तुमच्याकडं दांड कुठून ऐकू येईल?