‘माझं लोकल बंद पडलं’ : पबवाल्या ‘लोकल’ला मराठीत काय म्हणायचं?

शेवंती_पुणे
एका दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या पबांवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. यॉर्कशरमधला एक निवृत्त खाणकामगार सांगतो, की गावात स्वस्त साखळी पब आला आणि काही दिवसांत त्याचं ‘लोकल’ बंद पडलं. मी तसंच ठेवलं, तर संपादकांचा फोन : वाचकांना वाटेल मध्य रेल्वे, त्यात नवल ते काय! मग ‘स्थानिक पब’ केलं. पण साखळीवालाही त्याच गावात आहे, तोही स्थानिकच की. शेवटी ‘गुत्ता’ लिहून पाहिलं. सासूबाईंनी खर्डा वाचला आणि विचारलं, हा माणूस बायकोला मारतो का?

लोकल म्हणजे घरून चालत जाता येईल असा, रोजचा, जिथे आत शिरल्यावर ‘काय देऊ’ असं विचारत नाहीत असा पब. एक शब्द सुचवा. आणि ‘लँडलॉर्ड’चं, म्हणजे पब चालवणाऱ्याचं, काय करू तेही सांगा. ‘घरमालक’ नको, एवढं मला कळतं.

रुका_जरा
अड्डा. झालं, धागा बंद करा.

शेवंती_पुणे
अड्ड्यावर धाड पडते हो. माझ्या लेखातल्या पबात कोपऱ्यात आजीबाई स्वेटर विणत बसल्यात आणि टेबलाखाली कुत्रं झोपलंय.

पाणिनीचा_पुतण्या
आपल्याकडे शब्द असताना भीक मागायची सवय जात नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘पानागार’ आहे. ‘अनेककक्ष्याणि’, म्हणजे बरीच दालनं असलेली, वेगवेगळी शयनासनं, गंध, माळा, पाणी, ऋतुमानाप्रमाणे सुखकर. इंग्रजांच्या जुन्या पबातही पब्लिक बार वेगळा, सलून बार वेगळा, बायकांना आडोसा म्हणून ‘स्नग’ वेगळं. पानागार घ्या, बिनदिक्कत घ्या.

रुका_जरा
काका, ‘पानागारात चाललो’ म्हटलं तर लोक सांगतील, येताना दोन मसाला घेऊन या, एकशेवीस-तीनशे.

पाणिनीचा_पुतण्या
हसा. मनुस्मृतीत मद्य विकणाऱ्याला ‘ध्वजवान’ म्हटलंय, कारण दुकानावर खुणेचा ध्वज असे. इंग्लंडात १३९३ साली दुसऱ्या रिचर्डने दारूघरांना पाटी सक्तीची केली, आमच्याकडे ध्वज त्याच्या कितीतरी आधी होता. आणि तुम्हाला ‘लोकल’ला शब्द नाही?

मिडलँड्सवाला
काका, ध्वज ठीक आहे, पण त्याच मनूने सुरापान करणाऱ्याच्या कपाळावर तो ध्वज डागायला सांगितलाय. त्या परंपरेतला शब्द आजीबाई विणतायत त्या जागेला कसा लावणार?

शेवंतीताई, खरी अडचण ‘लोकल’च्या आधी ‘पब’पाशी आहे. पुण्या-मुंबईत पब म्हणजे कानठळ्या बसवणारा डीजे, दारात बाउन्सर, कव्हर चार्ज, आणि बापाच्या पैशाने आलेली पोरं. इथे बर्मिंगहॅमच्या आसपास पब म्हणजे बहुतेक वेळा दुपारी तीनला पेपर वाचत बसलेले चार म्हातारे. ‘लोकल’चंही तेच. मराठीत ‘लोकल माल’ म्हणजे स्वस्त आणि सुमार. इथे स्वस्त ती साखळी, आणि लोकल महाग. तुमचा वाचक दोन्ही शब्द उलटे समजणार.

शेवंती_पुणे
अगदी हेच! लेखात त्या साखळीत संगीतच नसतं असं आहे. मला आधी ती चूक वाटली होती.

मिडलँड्सवाला
चूक नाही. वेदरस्पून. १९७९ साली उत्तर लंडनमधल्या मझवेल हिलला टिम मार्टिनने सुरू केलेली, आज सुमारे ८०० पब. संगीत जवळजवळ कुठेच नाही. बंद पडलेल्या बँका, सिनेमागृहं, पोस्टं घेऊन तिथे पब थाटतात, टनब्रिज वेल्सला तर चक्क जुनं ऑपेरा हाउस आहे. गालिचा प्रत्येक पबात वेगळ्या नक्षीचा. लोक लाडाने किंवा नाक मुरडून ‘स्पून्स’ म्हणतात. गंमत अशी, की लेखक जॉर्ज ऑरवेलने १९४६ साली आपल्या कल्पनेतल्या आदर्श पबावर एक लेख लिहिला होता. रेडिओ नाही, पियानो नाही, आणि बारमागच्या बायका गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतात. पबाचं नाव ‘द मून अंडर वॉटर’. या साखळीने आपल्या कितीतरी पबांना तेच नाव दिलं. शांतता घेतली, ओळख काही घेता आली नाही. आता तर टेबलावर बसून फोनवरूनच ऑर्डर देतात.

रुका_जरा
गुरुवारी करी क्लब असतो म्हणे तिथे? चिकन टिक्का मसाला आणि त्याच पैशात बिअर, तेही गुरुवारी? आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका.

नांदेडी
सासूबाईंच्या धाकानं ‘गुत्ता’ टाकून देऊ नका राव. आमच्याकडं मराठवाड्यात आजबी रस्त्याचं काम घेणारा ‘गुत्तेदार’ असतो. दारूशी त्याचा संबंध असलाच तर संध्याकाळचा. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. कानडीत ‘गुत्तिगे’. दारू विकायचा सरकारी मक्ता घेतलेला तो गुत्तेदार, आणि त्याची जागा तो गुत्ता. हिंदीवाले दारूच्या दुकानाला ‘ठेका’ म्हणतात, ते बी तसंच. शब्द कागदपत्राचा आहे, बदनाम पुण्यात झाला.

शेवंती_पुणे
पुणं मध्येच आणलंतच!

मिडलँड्सवाला
नांदेडीभाऊ, तुम्ही नकळत मोठं काम केलंत. इंग्रजी पबाचा सगळा व्यवहार या एका शब्दात बसतो. तो ‘लँडलॉर्ड’ बहुतेक वेळा मालक नसतोच, तो भाडेकरू असतो. इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीची किंवा पब-कंपनीची. तो भाडं देतोच, वर बिअरही त्याच कंपनीकडून, बाजारापेक्षा चढ्या दराने घ्यायची असा करार. असा पब म्हणजे ‘टाइड हाउस’, बांधलेला. चढ्या दरातून कंपनीला जे सुटतं त्याला धंद्यातले लोक ‘वेट रेंट’ म्हणतात आणि नुसत्या जागेच्या भाड्याला ‘ड्राय रेंट’.

रुका_जरा
ओलं भाडं आणि सुकं भाडं! सुकट-बोंबलाचा हिशोब वाटतोय.

मिडलँड्सवाला
हिशोब तसाच वास मारतो. १९८९ साली सरकारने हुकूम काढला, की ज्या बिअर कंपनीकडे २००० हून जास्त पब आहेत तिने वरच्यांपैकी निम्मे सोडायचे, म्हणजे विकायचे किंवा बंधनातून मोकळे करायचे. मग कंपन्यांनी पबच विकले, आणि ते घेतले बिअर न बनवणाऱ्या पब-कंपन्यांनी. त्यांना तो हुकूम लागूच नव्हता. भाडेकरूच्या मानेवरचं जू तेच राहिलं, फक्त धनी बदलला. २०१६ साली इंग्लंड-वेल्समध्ये नियम आला, की मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूला ठरावीक वेळी बिअरच्या सक्तीशिवाय, बाजारभावाचं नुसतं भाडं द्यायचा करार मागता येईल. बऱ्याच जणांसाठी तोवर उशीर झाला होता.

आणि वेदरस्पूनच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? ‘फ्री हाउस’. कुठल्याही कंपनीला न बांधलेला. हवी ती बिअर हवी तिथून, घाऊक, घासाघीस करून. म्हणून तिथे पाइंट स्वस्त. दोनशे वर्षांचं कौलारू लोकल करारानं बांधलेलं आणि साखळी मोकळी.

पाणिनीचा_पुतण्या
म्हणजे लेखातल्या म्हाताऱ्याचा पब हा गुत्ता, आणि नवा आला तो पानागार. मग मी म्हणत होतो ते बरोबरच की.

नांदेडी
उलटं आहे काका. अर्थशास्त्रातलं तुमचं पानागार सरकारी. मोकळं कुठून?

माडाखाली
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे ‘तावेर्न’, पोर्तुगीज शब्द. पुष्कळदा घराच्या पुढच्याच खोलीत. आत स्वयंपाकघर, बाहेर दोन बाक, बरणीत लोणचं, मार्चनंतर काजूची उर्राक दारू. मालक मालकच असतो, आणि बाटली संपत आली की आतून त्याची बायको ओरडते. ‘पब्लिक हाउस’ याचा अर्थच मुळी लोकांना उघडं असलेलं घर ना? मग मराठीत ‘तावेर्न’ घ्या. किनाऱ्यावर शॅक आणि बार झाले, तेव्हापासून वाड्यावरची तावेर्नं एकेक करून मिटताहेत. त्यामुळे लेखातल्या माणसाचं दुखणं आम्हाला तरी समजावून सांगावं लागणार नाही.

शेवंती_पुणे
शब्द गोड आहे. पण विदर्भातल्या वाचकाला वाटेल पबाचं नाव तावेर्न.

वर्धेकर
विदर्भातल्या वाचकाला विचारलंच आहे तर सांगतो. आमचा जिल्हा पुरता दारूबंदीचा. आम्हाला तुमचं लोकल बी कळत नाही आन् साखळी बी. जे आहे ते कोणाच्या तरी डिक्कीत.

शेवंती_पुणे
दंडवत घ्या.

आठवी_ब
‘परमिट रूम’ कुणीच कसं सुचवलं नाही? मुंबई-पुण्यातल्या मराठी माणसाचं लोकल तेच होतं. मंद दिवे, रेक्झिनचे सोफे, काउंटरमागे अण्णा, आणि वेटरला तुमचा ब्रँड पाठ. लँडलॉर्डला ‘अण्णा’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

पाणिनीचा_पुतण्या
‘परमिट रूम’ हे मराठी?

आठवी_ब
इंग्लंडातल्या माणसाला तरी कळेल का? नाही. म्हणजे मराठीच. १९४९च्या दारूबंदी कायद्यातून आलेला शब्द आहे. प्यायचा परवाना असलेल्यांची खोली. आजही कायद्याने परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. विकणाऱ्याला परवाना जगभर लागतो, पिणाऱ्यालाही लागतो हे आपलं वैशिष्ट्य. त्यामुळे आपले सगळे शब्द एक तर सरकारी आहेत नाही तर चोरटे : देशी दारूचं दुकान, ताडी-माडी केंद्र, हातभट्टी, अड्डा. शेजाऱ्यांसमोर उघडपणे बायको-कुत्र्यासह जाऊन बसायची जागा आपण बांधलीच नाही, तर शब्द कुठून येणार?

रुका_जरा
का नाही? ‘बसणं’ हा शब्द काय लोणच्याला आहे? ‘आज बसायचं का’ म्हटल्यावर कुठल्या मराठी माणसाला शंका येते? लोकल म्हणजे ‘आमची बसायची जागा’.

शेवंती_पुणे
हे आतापर्यंतचं सर्वांत चांगलं. ‘माझी बसायची जागा बंद पडली.’ वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडी शोभतंय.

मिडलँड्सवाला
पण इथले निम्मे उभ्याने पितात ताई. बारला कोपर टेकून.

रुका_जरा
घाला मोडता. उभ्याने आमच्या देशीच्या दुकानातही पितात, तरी घरी सांगताना ‘बसलो होतो’ असंच सांगतात.

स्मेथिकची_सून
बराच वेळ वाचतेय. सगळे लोकलसाठी डोळे पुसताहेत म्हणून लिहिते. ते कुणाचं लोकल होतं? बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या स्मेथिकमध्ये साठच्या दशकात पबांमध्ये सरळ वर्णभेद होता. फाउंड्रीत भट्टीपुढे राबून आलेल्या पंजाबी माणसाला काही खोल्यांत पेलाच देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या बोलावण्यावरून अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स इथे येऊन गेला. त्याच वर्षी असा भेदभाव बेकायदा ठरवणारा पहिला कायदा झाला. पुढे आपल्या लोकांनी पडीक पब चालवायला घेतले. आता स्मेथिक, वेस्ट ब्रॉमिचमध्ये ‘देसी पब’ आहेत. मिक्स्ड ग्रिलची, म्हणजे भाजलेल्या मांसाची, तापलेली ताटली, वर कांदा, भिंतीवर फुटबॉल आणि शेजारी भांगडा. गोरे म्हातारेही तिथेच येतात. हे परंपरागत लोकल की नवं?

आणि स्पून्सचं म्हणाल, तर बाई म्हणून एकटीने जाऊन चहा घेऊन बसायला मला तिथेच बरं वाटतं. कुणी मान वळवून बघत नाही. ओळखीचं कौतुक ज्यांना ओळखतात त्यांना.

मिडलँड्सवाला
मान्य. पण ती साखळी आली म्हणून पबांच्या अर्थकारणावर परिणाम झालाच.

स्मेथिकची_सून
झाला असेल. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, आता सुमारे ४५ हजार. पंधरा हजार पब काय ८०० पबांनी गिळले? सुपरमार्केटात डबा काय भावाने मिळतो बघा, लोक घरी पितात. इंग्लंडात २००७ ला धूम्रपानबंदी आली. आणि तुम्हीच लिहिलेलं ओलं भाडं. लेखातल्या आजोबांना दिसली ती समोरची साखळी, कंपनीचं बिल त्यांना कुठून दिसणार?

शेवंती_पुणे
हे मी अनुवादात कुठे घालू? लेखकाने लिहिलेलं नाही.

पाणिनीचा_पुतण्या
तळटीप द्या. ‘पानागार’लाही देता येईल.

नांदेडी
काका, तुमचं पानागार तळटिपेतच बरं.

पाणिनीचा_पुतण्या
आणि तुमचा गुत्ता कानडीतून आलाय हे तुम्हीच सांगितलंत. मग परक्या शब्दांचा हा पुळका कशाला?

नांदेडी
कानडी परकी? पंढरीच्या इठोबाला विचारून या.

आठवी_ब
ज्ञानोबांनीच ‘कानडा’ म्हणून ठेवलंय. संपला वाद.

पाणिनीचा_पुतण्या
तिथे ‘कानडा’चा अर्थ अगम्य असा आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

शेवंती_पुणे
थांबा हो! संपादकांनी ‘नेहमीचा पब’ केलंय आणि मजकूर उद्या द्यायचाय. ‘लँडलॉर्ड’ अजून तसाच लोंबकळतोय. ‘पबवाला’ करू की ‘मालक’? मालक म्हटलं तर पुढच्याच परिच्छेदात तो भाडं थकल्याचं सांगतो.

नांदेडी
गुत्तेदार.

आठवी_ब
अण्णा.

माडाखाली
पात्रांव. आमच्याकडे धन्याला तसंच म्हणतात.

रुका_जरा
ते जाऊ द्या. त्या पबात बिअरबरोबर डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे मिळतात, त्याला लेखात काय केलंय? ‘चकणा’ नका लिहू, तो हिंदी ‘चखना’चा अवतार आहे.

पाणिनीचा_पुतण्या
उपदंश. संस्कृतात मद्याबरोबर तोंडी लावायच्या पदार्थाला उपदंशच म्हणतात.

आठवी_ब
काका, तो एका गुप्तरोगाचाही शब्द आहे.

पाणिनीचा_पुतण्या
तो अर्थ नंतरचा!