शब्दचर्चा : ‘क्लायमेट इक्विटी’मधल्या ‘इक्विटी’ला काय म्हणावे?

माझे संशोधन पुण्यात चालू असून विषय आहे हवामान बदल, पर्यावरणाचा ‘गव्हर्नन्स’ आणि सामाजिक न्याय. प्रबंधाचा मराठी सारांश पुरंदर तालुक्यातल्या गावांत वाचून दाखवायचा आहे, म्हणून शब्द तिथल्या माणसांना कळणारे हवेत. ‘क्लायमेट इक्विटी’तल्या ‘इक्विटी’साठी, म्हणजे न्याय्य वाटपाच्या कल्पनेसाठी, मला ‘समानता’ हा शब्द सुचवण्यात आला, पण तो पटत नाही. ‘क्लायमेट चेंज’बाबतही एकमत नाही : राज्य शासनाच्या विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे, तर वर्तमानपत्रे ‘हवामान बदल’ लिहितात. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, ‘हवामान बदल’च ठेवा. शालेय भूगोलात ‘हवा’ म्हणजे अल्पकाळची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळची सरासरी, असा भेद शिकवलेला असतो. मात्र शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातून, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयातून, येणाऱ्या रोजच्या अंदाजालाही आपण ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतो, त्यामुळे पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘कित्येक दशकांत होत आलेला’ एवढे जोडलेत की गैरसमज राहणार नाही.

‘इक्विटी’साठी मात्र ‘समानता’ अजिबात नको. ‘समन्यायी’ हा शब्द महाराष्ट्रात पाण्याच्या प्रश्नावर झालेल्या आंदोलनांनी आणि अभ्यासकांनी रुळवलेला आहे; तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद पेटला की ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द बातम्यांत हमखास येतात, आणि त्याचा आधार २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. तुम्ही तर पुरंदरमध्येच जाणार आहात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर, अशा हिशेबाने द्यायचे ठरले. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता, उसाला मनाई होती, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नव्हता आणि वाटप पाटकरी करत असे. सर्वांना प्रतिएकर सारखे पाणी दिले असते तर तीही ‘समानता’च झाली असती, पण वीस एकरवाल्याला एक एकरवाल्याच्या वीसपट पाणी मिळाले असते आणि भूमिहीनाच्या वाट्याला काहीच आले नसते. हा फरक पुरंदरच्या श्रोत्यांना तुम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. तुमचा शब्द तेवढा त्यांच्या अनुभवाशी जुळायला हवा.

प्रतिसाद २

‘समन्यायी’ला माझे पूर्ण अनुमोदन. ‘गव्हर्नन्स’बद्दल लिहितो. महाराष्ट्रात ‘शासन’ म्हणजे सरकार असाच अर्थ डोक्यात येतो, त्यामुळे ‘पर्यावरणीय शासन’ म्हटले की ऐकणाऱ्याला मंत्रालयातला एखादा विभाग वाटेल. संशोधकाला तर निर्णय कोण घेते, कोणाला विचारून घेते आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो, हे सगळे त्या शब्दात हवे असते. मला ‘कारभार’ योग्य वाटतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा प्रसिद्ध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथे जे चालते त्याला ‘शासन’ म्हणणे अपुरे आहे. तो ग्रामसभेचा जंगलकारभार आहे.

‘पर्यावरण न्याय’ या जोडशब्दाबाबतही सावध राहावे, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच असल्याने इथला वाचक तो शब्द ऐकताच हरित लवादातल्या खटल्यांकडे वळतो. ‘सामाजिक न्याय’ मात्र संविधानाच्या उद्देशिकेमुळे घट्ट रुजलेला आहे. त्यालाच धरून ‘हवामान बदल आणि सामाजिक न्याय’ असे सुटे लिहावे.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘कारभार’बद्दल एक शंका आहे : बातम्यांत तो ‘भोंगळ कारभार’, ‘मनमानी कारभार’ असाच अधिक भेटतो, तेव्हा त्याला आधीच दोषाचा वास लागला आहे का? शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान बदलविषयक आराखडा करारातले देशांच्या जबाबदाऱ्यांचे तत्त्व ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ असे भाषांतरित झालेले मी पाहिले आहे. समान असून भिन्न कशा?

प्रतिसाद १

तिथे ‘समान’ चूकच आहे, ‘सामाईक’ हवे. सामाईक विहिरीत चार भावांचा हिस्सा असतो, पण उपसा ज्याचा जास्त, त्याने दुरुस्तीचा भार जास्त उचलावा, हे गावात कोणीही मान्य करील. ‘सामाईक, पण ज्याच्या-त्याच्या वाट्यानुसार वेगळी जबाबदारी’ असे म्हणा. लांब आहे, पण करारात देशांच्या क्षमतेचाही उल्लेख असल्याने ‘वाटा’ आणि ‘ऐपत’ हे दोन्ही शब्द त्यात बसवता येतील का ते पाहा. ‘कारभारा’ला दोष चिकटतो तो विशेषणामुळे. ‘लोकांचा कारभार’, ‘ग्रामसभेचा कारभार’ असे कर्त्यासकट लिहिले तर ती अडचण राहत नाही, आणि कर्ता कोण हाच तर तुमच्या प्रबंधाचा प्रश्न आहे.